तारखेची वही : नव्या कायद्यांच्या काळात खान्देशातील बांधकाम आणि सौर व्यावसायिकांनी कागद कसा सांभाळावा

होळीपूर्वीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्याचे (होळीआधीच्या आदिवासी सणाचे) बाजार भरू लागले की चोपडा, यावल, शिरपूर आणि शहादा या भागांतील बांधकामे थंडावतात, कारण पावरा आणि भिल्ल मजूर गावी निघतात आणि निघताना हिशेब मागतात. गेल्या होळीला अशाच एका हिशेबाला मी बसलो होतो. मुकादमाच्या वहीत प्रत्येक मजुराच्या नावापुढे चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी तिरकी रेघ, अशा जुड्या होत्या. एका मजुराच्या जुड्या मोजल्या तर सत्तावीस दिवस भरत होते आणि ठेकेदाराच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, चोवीस होते. रेघांवर तारीख नव्हती, त्यामुळे वादाचे तीन दिवस नेमके कोणते, हे मुकादमालाही सांगता येईना आणि ठेकेदारालाही. दोघेही खोटे बोलत नव्हते. शेवटी ठेकेदाराने तीन दिवसांचे पैसे दिले, पण त्याच्या मस्टरवर ते चोवीसच राहिले.

गेल्या तीन वर्षांत बांधकाम आणि ऊर्जा या दोन्ही धंद्यांना लागू होणारे कायदे भराभर बदलले आहेत. चार कामगार संहिता लागू झाल्या, वस्तू व सेवा कराचे दर बदलले, सौर पॅनेलबाबतच्या अटी कडक झाल्या, लवादाबाबत सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे निकाल दिले आणि पुराव्याचा कायदाही नवा आला. हे सारे वेगवेगळ्या दिशांनी आलेले दिसते, पण ठेकेदाराच्या टेबलावर पोचेपर्यंत त्यातले बहुतेक बदल एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : ही गोष्ट कोणत्या तारखेला झाली आणि ती तारीख दाखवणारा कागद आपल्याजवळ आहे का? म्हणून या लेखात मी कलमांची यादी देणार नाही. प्रत्येक साइटवर तारखेची एक वही कशी ठेवावी आणि तिच्यात कोणत्या कायद्यासाठी काय लिहावे, एवढेच सांगणार आहे.

वही कशी असावी

वही बांधीव असावी, सुटी पाने नसावीत, आणि पानांवर आधीच क्रमांक घालावेत. प्रत्येक कामाला स्वतंत्र वही असावी. दोन साइटींची एकच वही ठेवल्यास सहा महिन्यांत तिचा काही उपयोग राहत नाही. प्रत्येक नोंदीत तारीख, काय घडले, कोणी सांगितले किंवा केले, त्याचा कागद कोणत्या फाइलमध्ये आहे आणि या घटनेमुळे पुढची कोणती मुदत सुरू झाली, या पाच गोष्टी याव्यात. शेवटचा रकाना बहुतेक लोक ठेवत नाहीत आणि खरा उपयोग त्याचाच असतो. चूक झाल्यास खाडाखोड न करता एक रेघ मारून शेजारी सही करावी. संगणकावरच्या तक्त्याला माझी हरकत नाही, पण साइटवर त्याच दिवशी हाताने लिहिलेल्या वहीवर न्यायालयात आणि खात्यातही जो विश्वास बसतो, तो महिन्याअखेरीस भरलेल्या तक्त्यावर बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

मजूर : दोन दिवस, सात तारीख आणि नव्वद दिवस

वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. संक्रमणाच्या काळात जुने नियम नव्या संहितांशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात, त्यामुळे जुनी नोंदणी, जुने परवाने आणि जुनी मस्टर फेकून देऊ नयेत.

वेतन संहितेप्रमाणे महिन्याने पगार असेल तर तो पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आठवड्याचा असेल तर साप्ताहिक सुटीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, आणि रोजंदारीचा असेल तर पाळी संपताना. मजुराला कामावरून कमी केले किंवा त्याने स्वतः काम सोडले, तर त्याची सर्व मजुरी दोन कामकाजी दिवसांत चुकती करावी लागते. भोंगऱ्याच्या वेळचा पेच येथेच आहे. मजूर सणाला गेला आणि परत येणार असेल तर तो सुटीवर आहे. तो हिशेब घेऊन कायमचा गेला असेल तर त्याने काम सोडले आहे, आणि दोन्हींची मुदत वेगळी आहे. म्हणून मजूर निघतो त्या दिवशी वहीत ‘सणासाठी सुटीवर’ किंवा ‘काम सोडले’ यांपैकी काय ते स्पष्ट लिहून मजुराची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि साक्षीला मुकादमाची सही घ्यावी. रोख पैसे देण्याची आपल्याकडची सवय अजून गेलेली नाही, पण शक्य तेथे मजुराच्या खात्यावरच रक्कम पाठवावी, कारण बँकेची नोंद स्वतःची तारीख स्वतःच घालते.

उचल, म्हणजे कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, हा खान्देशातील मजुरीचा कणा आहे. दिवाळीनंतर मुकादमामार्फत उचल दिली जाते आणि पुढे ती मजुरीतून वळती होते. नव्या संहितेत एका वेतन कालावधीतील सर्व कपाती मिळून त्या कालावधीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक करता येत नाहीत. सगळी उचल एकाच महिन्यात वसूल करण्याची पद्धत म्हणूनच बंद करावी लागेल. उचल दिल्याची तारीख आणि रक्कम, तसेच प्रत्येक हप्त्याची वळती मजुराच्या नावापुढे लिहावी. मुकादमाच्या नावावर एकत्र रक्कम लिहून ठेवल्यास ती कोणत्या मजुराची, हे पुढे सिद्ध होत नाही.

स्लॅबच्या दिवशी काम रात्री नऊ-दहापर्यंत चालते आणि त्याबद्दल मजुरांना चहा-भजी आणि वर काही ठोक रक्कम देऊन विषय मिटवला जातो. ठरलेल्या तासांपेक्षा जादा कामाचा दर मात्र नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट असावा लागतो. स्लॅबच्या दिवसाची नोंद करताना मिक्सर कधी सुरू झाला, कधी थांबला आणि किती जण शेवटपर्यंत होते, हे लिहावे.

एवढ्या बारकाईची गरज काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मजुराला दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. दावा आल्यावर मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. आणि मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी ज्याचे काम आहे त्या मूळ मालकावर येते. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या मोठ्या आवारात ठेक्यावर काम करणाऱ्यांना बिलासोबत मजुरीचे पुरावे मागितले जातात, त्यामागे हेच कारण आहे. त्यात अपमान वाटण्याजोगे काही नाही.

सातपुडा एकच असला तरी त्याच्या दोन बाजूंना दोन राज्ये आहेत. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून जळगावला आलेला मजूर राज्यातलाच असतो, पण सेंधवा किंवा बडवानीकडून आलेला मजूर आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकतो, तो मुकादमामार्फत न येता स्वतःहून आला असला तरीही. असे दहा किंवा त्याहून अधिक मजूर असतील तर त्यांच्या वार्षिक जाण्या-येण्याच्या भाड्यासह वेगळ्या जबाबदाऱ्या लागू होतात. मजूर कामावर आला त्या दिवशीच त्याच्या आधार कार्डावरील गाव आणि राज्य लिहून घ्यावे. नियुक्तिपत्र देणेही आता बंधनकारक आहे. ते एका पानाचे असले तरी चालते, पण त्यावर रुजू झाल्याची तारीख हवी. वयाची ४० वर्षे ओलांडलेल्या मजुरांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाच्या खर्चाने करायची आहे, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी एकाच दिवशी सर्वांची करून घेणे सोपे पडते.

बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते देताना अनेक ठेकेदार कचरतात, आपल्यावर काहीतरी बालंट येईल असे त्यांना वाटते. माझी कळकळीची विनंती आहे की ते द्यावे. वहीत तारखा असतील तर प्रमाणपत्र देणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्या कागदावर त्या घरातल्या मुलांची शिष्यवृत्ती अवलंबून असते.

उपकराबाबतही बदल झाला आहे. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर पूर्वीपासून आहे, पण आता मालकाने काम पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत स्वतः आकारणी करून तो भरायचा आहे. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराची सूट पूर्वी १० लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाला होती, ती आता ५० लाखांपर्यंत आहे. समजा भुसावळमधील दुकानांच्या इमारतीचा खर्च ८० लाख रुपये झाला, तर उपकर ८० हजार रुपये होतो, आणि ६० दिवस मोजायला काम पूर्ण झाल्याची तारीख निर्विवाद लागते. सरकारी कामात खाते बिलातून १ टक्का कापते. त्या कपातीचा दाखला जपला नाही तर तोच उपकर पुन्हा मागितला जाण्याचा धोका असतो.

अपघाताबद्दल दोन गोष्टी विसरू नयेत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. तसेच घरातून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, सामाजिक सुरक्षा संहितेखाली कामावरचा अपघात मानला जातो. संहिता लागू होण्याआधीच, जुलै २०२५ मध्ये, महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याचाही असाच अर्थ लावला होता. पिकअपमध्ये पंधरा-वीस मजूर दाटीवाटीने उभे करून साइटवर नेणाऱ्यांनी हे वाचून तरी गाडी बदलावी. हेल्मेट, पट्टे आणि जाळी दिल्याची तारीखवार पोच घेणे आवश्यकच आहे, पण पोच घेऊन हेल्मेट गोदामात ठेवल्यास ती पोच कोणालाही वाचवत नाही.

येणे आणि देणे : पंधरा दिवस, पंचेचाळीस दिवस

सूक्ष्म किंवा लघु उपक्रम म्हणून उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हा कायदा जुना आहे, पण त्याला धार आली ती २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, कारण मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षाचा खर्च म्हणून प्राप्तिकरात वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी ती वजा होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात आपण ज्यांचे देणे लागतो त्यांची यादी काढून प्रत्येकापुढे उद्यम नोंदणी आहे का, ती उत्पादक किंवा सेवा पुरवणारा म्हणून आहे की व्यापारी म्हणून, आणि माल स्वीकारल्याची तारीख कोणती, हे लिहावे. निव्वळ व्यापाऱ्याला ही सवलत नाही. वर्गवारीच्या मर्यादाही १ एप्रिल २०२५ पासून वाढल्या आहेत : अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उपक्रम सूक्ष्म, तर २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघु. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाइप किंवा चटई बनवणारा जो कारखानदार आपल्याला कालपर्यंत मोठा वाटत होता, तो आज या वर्गवारीत लघु असू शकतो.

आता उलट बाजू. आपले पैसे अडकले असतील तर याच कायद्याखालील सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो आणि तिच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. परंतु साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या बांधकाम कंत्राटाला हा कायदा लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. केवळ साहित्याचा पुरवठा किंवा केवळ सेवा असेल तेथे हा मार्ग भक्कम आहे; पूर्ण इमारत बांधून देण्याच्या ठेक्यात त्यावर विसंबू नये. उद्यम नोंदणी कंत्राटाच्या आधीची असलीच पाहिजे का, हा प्रश्नही जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे, त्यामुळे ज्यांनी अजून नोंदणी केली नसेल त्यांनी पुढचे कंत्राट घेण्यापूर्वी ती करून टाकावी.

महाराष्ट्राच्या वीज मंडळाविरुद्ध सोनाली पॉवर इक्विपमेंट्स या पुरवठादाराच्या प्रकरणात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुदतबाह्य येण्याबद्दल परिषदेपुढे तडजोडीची बोलणी होऊ शकतात, पण लवादाच्या टप्प्यावर मुदतीचा कायदा लागू होतो. लवादापर्यंत जायचे असेल तर जुने येणे परिषदेपुढेही आपोआप जिवंत होत नाही.

कर : तीनपैकी दोन तारखा

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, सौर उपकरणांवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि कोळशावरील ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला, मात्र कोळशावरचा भरपाई उपकर रद्द झाला. सरकारसाठी केलेल्या मुख्यतः मातीकामाच्या ठेक्यावरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, आणि धुळे-नंदुरबारकडील कालवे व उपसा सिंचनाच्या मातीकामांना त्याचा थेट फटका बसतो. निविदेतील दर करासह होता की कर वेगळा होता, हे पाहून सहा टक्क्यांचा फरक मागण्याचे पत्र ताबडतोब द्यावे. ते पत्र अखेरच्या बिलासोबत दिल्यास बहुधा उशीर झालेला असतो.

दर बदलताना कोणता दर लागतो, हे कामाची तारीख, बिलाची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख यांवर ठरते. तीनपैकी दोन गोष्टी बदलाच्या ज्या बाजूला, त्या बाजूचा दर, असे ढोबळ सूत्र लक्षात ठेवावे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काम झाले, पण बिल आणि पैसे दोन्ही ऑक्टोबरमध्ये, तर नवा दर. काम आणि बिल दोन्ही आधीचे असतील तर जुना.

सौर संच बसवून देण्याच्या व्यवहारात एकूण किमतीच्या ७० टक्के भाग वस्तू आणि ३० टक्के सेवा धरली जाते. घरावरील संचाची करपूर्व किंमत समजा १,८०,००० रुपये आहे. पूर्वी त्यावर १३.८ टक्के म्हणजे २४,८४० रुपये कर होता, आता ८.९ टक्के म्हणजे १६,०२० रुपये आहे. ८,८२० रुपयांचा हा फरक ग्राहकाला कोटेशनमध्ये वेगळा दाखवावा.

सौर : पॅनेलचा क्रमांकही लिहावा

साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला तेव्हा सौरऊर्जा आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. आज ती छपरांवर आणि केळीच्या बागांत पोचली आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि त्यासाठी देशात बनलेल्या सेलचेच पॅनेल लागते. आता ही अट व्यापक होत आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त यादीत पॅनेल असणे आधीच आवश्यक होते. १ जून २०२६ पासून पॅनेलमधील सेलही मान्यताप्राप्त यादीतला असावा, असे मंत्रालयाने ठरवले. नेट मीटरिंगच्या (तयार झालेली वीज वापरातून वजा करणाऱ्या मीटरच्या) संचाला कोणता नियम लागेल, हे तो कार्यान्वित झाल्याच्या तारखेवर ठरते, पॅनेल खरेदीच्या तारखेवर नाही. गोदामात जुना माल पडून असलेल्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. वहीत प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक, खरेदीचे बिल, बसवल्याची तारीख आणि मीटर लागल्याची तारीख, अशा चार नोंदी असाव्यात.

वीज कंपनीवरही तारखांचे बंधन आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या छपरावरील संचाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही आणि अर्ज मान्य झाल्याचे मानले जाते. ५ किलोवॉटपर्यंत वाहिनी सक्षम करण्याचा खर्च कंपनीने करायचा आहे. संच बसल्यानंतर तो सुरू करून देण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली आहे. अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असेल तर सोळाव्या दिवशी जाऊन नम्रपणे, पण नियम दाखवून बोलता येते. १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक मागणी असलेल्या कारखान्याला हरित ऊर्जेसाठी खुला प्रवेश, म्हणजे वितरण कंपनीखेरीज इतरांकडून वीज घेण्याची मुभा, मागता येतो, आणि एकाच वीज विभागातील अनेक जोडण्या मिळून ही मर्यादा भरली तरी चालते.

शेतीला दिवसा सौर वीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देण्याचा दर हेक्टरी वर्षाला १.२५ लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढीसह आहे. शेतकऱ्याशी करार करताना भाडे कोणत्या तारखेपासून सुरू होते, ताबा दिल्यापासून की वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून, हे अक्षरी लिहावे. या एका ओळीवरून भाऊबंदकीत वाद पेटलेले मी पाहिले आहेत.

वाळू, परवानग्या आणि घर खरेदीदार

गिरणा आणि तापीच्या वाळूबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण धोका सर्वांना ठाऊक आहे. नदीत वाळू पुन्हा किती भरते, याच्या अभ्यासाविना जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. अवैध वाळू सापडल्यास महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त होते. प्रत्येक गाडीचा पास क्रमांक, त्यावरील वेळ, गाडी क्रमांक आणि उतरवलेले ब्रास वहीत लिहावेत. पासवरील वेळ टळून गेल्यावर आलेली गाडी उतरवून घेऊ नये, मग स्लॅब दुसऱ्या दिवशीच का असेना.

५०० चौरस मीटरहून मोठा भूखंड किंवा आठाहून अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि १ जुलै २०२४ पासून एकाच बँकेत तीन खाती ठेवण्याची पद्धत आली आहे : सर्व रक्कम पहिल्या खात्यात जमा होते आणि तेथून ७० टक्के प्रकल्पाच्या खात्यात जाते. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना १ एप्रिल २०२६ पासून राडारोड्याचे नवे नियम लागू आहेत. काम सुरू केल्यावर मागाहून पर्यावरण मंजुरी घेण्याला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मनाई झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो निकाल मागे घेतला गेला. या हेलकाव्यावर कोणी पैसा लावू नये.

वाद झाला तर

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवले की, सार्वजनिक कंत्राटात एकाच पक्षाने एकतर्फी लवाद नेमण्याचे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. ज्या कंत्राटात ‘खात्याचा अधिकारी सांगेल तो लवाद’ असे लिहिले आहे, तेथे आता हरकत घेता येते, मात्र ती लवाद नेमण्याच्या वेळीच आणि लेखी घ्यावी. ३० एप्रिल २०२५ च्या निकालानुसार न्यायालयाला लवादाच्या निवाड्यात मर्यादित दुरुस्तीही करता येते. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाच्या निमित्ताने धुळे आणि शिरपूर परिसरात जे लोक मोठ्या कंपन्यांचे उपठेके घेतील, त्यांनी सही करण्यापूर्वी वादाचे कलम आणि लवादाचे ठिकाण वाचावे. ठिकाण दिल्ली असेल तर दहा लाखांच्या येण्यासाठी तेथे जाणे कोणालाही परवडत नाही.

साइटवरच्या बहुतेक सूचना आता व्हॉट्सॲपवर येतात. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, ज्याचा एक भाग नोंद सादर करणारा आणि दुसरा भाग तज्ज्ञ भरतो, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) द्यावे लागते. फोन बदलताना जुना फोन विकू नये. इंजिनिअरने जादा काम फोनवर सांगितले तर त्याच संध्याकाळी ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम सुरू केले आहे’ असा ईमेल करून त्याची नोंद वहीत घ्यावी.

शेवटी मुदतीबद्दल, कारण तिची झळ मला स्वतःला बसली आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात भागीदारीत केलेल्या एका गोदामाच्या कामाचे अखेरचे बिल मालकाने अडवले. तो गृहस्थ प्रत्येक फोनवर ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणत असे, आणि संबंध बिघडू नयेत म्हणून आम्ही कधी लेखी मागितले नाही. तीन वर्षे उलटल्यावर वकिलांनी फाइल पाहून विचारले की बाकी मान्य केल्याची त्याची एक तरी सही आहे का. नव्हती. पैसे गेलेच, शिवाय सेंट्रिंगवाल्याचे देणे आम्हाला घरातून फेडावे लागले.

केलेल्या कामाच्या येण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी मान्य केल्यास सहीच्या तारखेपासून ती नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी ३१ मार्चनंतर प्रत्येक थकबाकीदाराला पुढील मजकुराचे पत्र दोन प्रतींत द्यावे :

‘दि. … च्या कार्यादेशानुसार … येथील काम दि. … रोजी पूर्ण झाले असून दि. … च्या बिल क्र. … पैकी रु. … (अक्षरी …) आपणाकडून येणे बाकी आहे. ही बाकी आपल्या हिशेबाशी जुळत असल्यास खाली सही, नाव, पद आणि तारीख लिहून एक प्रत परत द्यावी.’

सही संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या माणसाचीच घ्यावी. आवक-जावक लिपिकाचा शिक्का पत्र पोचल्याचा पुरावा आहे, बाकी मान्य केल्याचा नाही. सही मिळत नसेल तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती वहीत चिकटवावी, पण अशा पत्राने मुदत वाढत नाही हे विसरू नये, आणि तिसरे वर्ष संपायला तीन महिने उरले असताना वही घेऊन वकिलांकडे जावे.